फ्रंट रेस्ट बदलला तरी ग्रुप फुटतोच? सुरुवात टेबलाखालून करा

बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून करायची नेमबाजी, खेळणाऱ्यांची एक तक्रार वर्षभर कानावर येते. फक्त गाव बदलतं. कधी लातूर, कधी परभणी, कधी संभाजीनगर. रायफल चांगली आहे, पॅलेट निवडून घेतलेत, स्कोप नवा आहे. चार गोळ्या एका भोकात जातात आणि पाचवी बोटभर बाजूला पडते. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, असा फुटला की दोष फ्रंट रेस्टवर, म्हणजे रायफलच्या पुढच्या आधारावर येतो. रेस्ट बदलला जातो, काही दिवस बरं चालतं, आणि एखाद्या सकाळी तीच पाचवी गोळी पुन्हा बाहेर.

रेस्ट बदलायला माझा विरोध नाही. कित्येकांना खरंच चांगल्या रेस्टची गरज असते. पण लोक ज्या क्रमाने खर्च करतात तो उलटा आहे, आणि त्यात हौशी माणसाचे बरेच पैसे वाया जातात. माझ्या मते क्रम असा हवा: आधी टेबल, मग रायफल टेकवायच्या बॅगा, मग फोरएंड (स्टॉकचा, म्हणजे दस्त्याचा पुढचा भाग) आणि सगळ्यात शेवटी रेस्ट. तो क्रम का, आणि प्रत्येक ठिकाणी दोष कसा ओळखायचा, ते खाली सांगतो.

हे सगळं 25 आणि 50 मीटरवरच्या .177 पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी एअर रायफल) आणि .22 रिमफायर (छोट्या काडतुसाची रायफल) यांच्यासाठी आहे. स्प्रिंगच्या एअर गनला हे लागू करू नका. तिचा पिस्टन गोळी नळीत असतानाच बंदुकीला आधी मागे आणि मग पुढे झटका देतो, त्यामुळे ती कडक रेस्टवर घट्ट बसवली की ग्रुप उलट वाढतो. तिला मऊ आधार आणि सैल हात लागतो. कायद्याचंही एका ओळीत सांगतो: आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे 20 जूलपेक्षा जास्त ताकदीची किंवा 4.5 मिमीपेक्षा मोठ्या बोअरची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येत नाही, आणि .22 रिमफायरला तर परवाना लागतोच. शेतात सराव करत असाल तर लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा, आणि बांधापलीकडे माणूस-जनावर नाही याची खात्री रोज नव्याने करायची.

रेस्टकडून नेमकं काय हवंय

फ्रंट रेस्ट आणि मागची बॅग यांच्यात साधारण 70 सेंमी अंतर असतं. मागचा आधार तसाच राहून पुढचं टोक फक्त 0.1 मिमी हललं, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीएवढं, तरी 50 मीटरवर गोळी 7 मिमी सरकते. 25 मीटरवर साडेतीन मिमी. .177 चा पॅलेट स्वतःच साडेचार मिमीचा असतो, त्यावरून अंदाज करा. डोळ्याला दिसणारही नाही अशी हालचाल कार्डावर स्पष्ट दिसते.

म्हणून सगळ्यांना वाटतं की रेस्ट पहाडासारखा अचल हवा. इथेच खरेदी चुकते. रेस्ट दिवसभर जागचा हलूच नये अशी गरज नसते. एप्रिलच्या उन्हात 15 सेंमीचा पोलादी खांब 20 अंशांनी तापला तर 0.036 मिमी लांब होतो, आणि हिशेबाने 50 मीटरवर त्याचा अडीच मिमी फरक पडतो. तरी त्याने ग्रुप फुटत नाही, कारण प्रत्येक गोळीआधी तुम्ही क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) नव्याने लावता. सावकाश होणारा बदल दर नेमाला आपोआप पुसला जातो.

ग्रुप फुटतो तो दोन कारणांनी. एक, शेवटची नजर टाकल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या क्षणभरात काहीतरी हलतं. बोट ट्रिगरवर दाबलं आणि टेबल किंचित झुकलं. मागची बॅग मुठीत धरलेली होती आणि मूठ सैल झाली. गालाचा दाब कमी झाला आणि बॅगेतली वाळू वर आली. दोन, गोळी सुटताना रायफल मागे सरकते ती दर वेळी सारखी सरकत नाही. .22 चा धक्का अगदी थोडा असतो, पण गोळी नळीत असते ते काही मिलिसेकंद तेवढ्याला पुरतात. रेस्ट निवडताना, टेबल बांधताना, बॅग भरताना या दोनच गोष्टी तपासायच्या. बाकीचं सगळं सोयीचं, नाहीतर शोभेचं.

कागद काय सांगतो

वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी सात-आठच्या आत, पाच-पाच गोळ्यांचे बरेच ग्रुप मारा आणि कागद फेकू नका. एका ग्रुपवरून काहीही ठरवू नका.

गोळ्या उभ्या रेषेत वर-खाली पसरत असतील तर संशय मागच्या बॅगेवर, उंचीच्या स्क्रूच्या लॉकवर, फोरएंड दर वेळी वेगळ्या जागी टेकतोय यावर, किंवा टेबल पुढे-मागे डुलतंय यावर घ्या. आडव्या पसरत असतील तर रेस्टच्या डावी-उजवीकडच्या सरकत्या भागात ढील आहे, किंवा पुढच्या बॅगेचे कान (फोरएंडच्या दोन्ही बाजूंना वर आलेले भाग) फोरएंडपेक्षा रुंद पडलेत, किंवा टेबल बाजूला झुलतंय. तिरक्या रेषेत पसरत असतील तर बहुधा पुढची बॅग आणि मागची बॅग एका रेषेत नाहीत. रायफल मागे जाताना ती तिरकी वाट धरते आणि कागदावर तीच वाट उमटते.

पहिलीच गोळी रोज वेगळी आणि पुढच्या एकत्र, असं असेल तर तो बॅग बसण्याचा प्रश्न आहे. मोजणीच्या गोळ्या सुरू करण्याआधी रायफल बॅगेवर दहा-बारा वेळा पुढे-मागे सरकवा आणि हलक्या हाताने दाबून बसवा. रिमफायरमध्ये पहिल्या गोळीला साफ केलेली नळी हेही कारण असतं, म्हणून साफसफाईनंतरचा पहिला ग्रुप या हिशेबात धरू नका.

टेबल, आणि टेबलाखालची जमीन

मराठवाड्यात टेबलाचा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे, कारण आपली काळी जमीन. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात कापसाच्या रिकाम्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे सगळ्यांनी पाहिलंय. अशा मातीत पाय पुरून टेबल उभं केलं तर पावसाळ्यात एक पाय वर, उन्हाळ्यात दुसरा खाली. पाणसळ लावून ऑक्टोबरमध्ये सपाट केलेलं टेबल मार्चमध्ये तसं राहत नाही. नुसता उतार आला असता तरी चाललं असतं. अडचण ही की चारपैकी एका पायाखालची माती सुटते आणि टेबल तीन पायांवर उभं राहून चौथ्याकडे झुलायला लागतं.

जिंतूर रस्त्यावर एका मित्राच्या शेतात नेमकं हेच चाललं होतं. जाड लोखंडी टेबल, वर प्लायवूड, त्यावर बाहेरून मागवलेला जॉयस्टिकचा, म्हणजे एका दांड्याने नेम हलवायचा रेस्ट. गोळ्या कधी खाली, कधी वर, आणि त्यात कसलाही नियम सापडेना. आम्ही स्कोप तपासत बसलो होतो, तेव्हा गोठ्याच्या कामावर आलेले गवंडी मामा शेजारी येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, "सायेब, ह्या मातीत मुरूम भरल्याबिगर पाय उभा केला तर घर बी तडकतंय. तुमचं टेबल काय घिऊन बसलात. ह्यो कोपरा दाबून बगा की." मित्राने डोळा स्कोपला लावलेलाच होता. मामांनी कोपऱ्यावर नुसता तळहात टेकवला आणि क्रॉसहेअर लक्ष्याच्या बाहेर गेलं. हात उचलला, तर परत आलं ते मूळ जागेवर आलंच नाही.

दुरुस्ती त्यांनीच सांगितली तशी केली. टेबलाच्या जागेची काळी माती दोन-अडीच फूट काढून टाकली, मुरूम भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला, पुन्हा भरला, पुन्हा ठोकला. त्यावर विटांचे तीन खांब, दोन पुढे आणि एक मागे. तीन खांब असले की टेबल डगमगूच शकत नाही. चौथा आला की डगमगायची शक्यता आली. वर सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली दोन इंची शहाबादी फरशी. नेमबाज बसतो ते स्टूल या पायापासून वेगळं, साध्या मातीवर. रेस्ट तोच, रायफल तीच, आणि वर-खाली जाणं थांबलं.

हाताचा दाब देऊन बघण्याची ही तपासणी कुणीही करावी, पैसे लागत नाहीत. रायफल पूर्ण रिकामी करा, मॅगझीन काढा, बोल्ट उघडा ठेवा, मग क्रॉसहेअर 50 मीटरवरच्या एखाद्या ठिपक्यावर लावा. आता दुसऱ्या माणसाला टेबलाचे कोपरे एकेक करून दाबायला सांगा. मग तुम्ही स्वतः कोपर टेकवा, उचला, छाती टेबलाला लावा, काढा. क्रॉसहेअर हललं आणि हात काढल्यावर बरोबर जागेवर परत आलं तर टेबल लवचिक आहे. शरीराचा दाब दर वेळी सारखा ठेवला तर चालून जाईल. परत आलंच नाही तर कुठेतरी ढील आहे. ती काढल्याशिवाय पुढचं काहीही विकत घेऊ नका.

शहाबादी फरशी लोखंडी फ्रेमवर नुसती ठेवलेली असेल तर ती खाली दोन-तीन ठिकाणीच टेकलेली असते आणि खडखडते. पातळ मसाला पसरून त्यावर बसवा. पॉलिश केलेल्या फरशीवर रेस्टचे टोकदार पाय सरकतात. त्यावर लोक योगा मॅट किंवा रबरी पट्टा अंथरतात, आणि माझ्या पाहण्यात ग्रुप बिघडवणारी ही सगळ्यात साधी चूक आहे. रबर दबतं आणि परत उसळतं. दाबल्यावर किती वेळाने उसळेल हे तापमानावर ठरतं. रबर काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक पायाखाली पोलादी चकती ठेवा, चकतीच्या मध्ये पायाच्या टोकासाठी छोटा खळगा आणि खालच्या बाजूला बारीक सँडपेपर चिकटवलेला. रेस्ट सरकत नाही आणि उसळतही नाही.

बॅगा: आत काय भरलंय

पुढची बॅग कडक हवी, मागची तिच्याहून किंचित नरम पण ढिली नको. पुढच्या बॅगेवर अंगठा जोरात दाबला तर खड्डा पडू नये. खड्डा पडत असेल तर वाळू कमी आहे किंवा हलकी आहे.

आपल्याकडे ज्वारी किंवा मसूर भरलेल्या बॅगा सर्रास दिसतात. त्या हलक्या असतात, पावसाळ्यात दाणा ओलावा धरून फुगतो, आणि दोन-तीन महिन्यांत किडे होऊन आतलं पीठ होतं. मग बॅग बसते आणि गोळ्या खाली जातात. बांधकामाच्या ढिगातली नदीची चार-पाच किलो वाळू पुरते, पण ती जशीच्या तशी भरू नका. पाण्यात धुऊन गाळ आणि अभ्रकाचा चुरा काढा, कडक उन्हात वाळवा, रव्याच्या चाळणीतून चाळा आणि वर राहिलेले खडे टाकून द्या. गाळ राहिला तर तो ओलावा शोषतो आणि ऑगस्टमध्ये बॅगेत गोळे होतात. परवडत असेल तर झिरकॉनची वाळू भरा. ओतकामाच्या कारखान्यांना ती पुरवणारे लोक असतात. साध्या वाळूपेक्षा ती बरीच जड, तीच बॅग दीडपट-पावणेदोनपट वजनाची होते आणि धक्क्याने जागची हलत नाही.

भरताना नरसाळ्यातून थोडी थोडी ओता, प्रत्येक वेळी बॅग टेबलावर आपटा, आणि मावत नाही असं वाटल्यावर अजून थोडी ठासा. नव्या बॅगेची वाळू पंधरवड्यात बसते, तेव्हा एकदा परत भरावी लागते. नवी बॅग घेतल्यावर आठवडाभर छान आणि मग ग्रुप लांबला, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

चामड्याच्या बॅगेला फोरएंड चिकटतो, विशेषतः घामट हवेत आणि पॉलिश केलेल्या लाकडी स्टॉकला. रायफल मागे जाताना थोडी अडते, मग एकदम सुटते. टॅल्कम पावडर चामड्यावर चोळून जादा झटकून टाकली की बहुतेक वेळा हा प्रश्न मिटतो. नायलॉनच्या जाड कापडाच्या कानांवर पावडरची गरज कमी पडते. गावातले चर्मकार जुन्या बॅगेचा नमुना दिला तर उत्तम बॅग शिवून देतात. शिलाई फोरएंड टेकतो त्या भागात येऊ देऊ नका एवढं मात्र आवर्जून सांगा.

मागची बॅग मुठीत दाबून उंची लावायची सवय फार जणांना असते. नेम लागतो, पण ट्रिगर दाबताना मूठ जरा सैल झाली की गोळी वर किंवा खाली. उंची शक्यतो पुढच्या स्क्रूने लावा, मागची बॅग मोकळी राहू द्या. हात टेकवायचाच असेल तर तो बॅगेवर निपचित पडलेला असू द्या.

फोरएंड सरळ सरकतो का

माझ्या अनुभवात ही तपासणी सगळ्यात जास्त सांगून जाते आणि लोक सगळ्यात कमी करतात. रायफल रिकामी, बोल्ट उघडा. क्रॉसहेअर एका ठिपक्यावर लावा. स्कोपमधून नजर न काढता स्टॉकचं मागचं टोक दोन बोटांनी धरून रायफल दोन-तीन सेंमी मागे ओढा आणि पुन्हा पुढे ढकला. क्रॉसहेअर कुठल्या वाटेने गेलं ते बघा. सरळ उभं खाली-वर गेलं आणि बरोबर त्याच ठिपक्यावर परत आलं तर रेस्ट, बॅगा आणि स्टॉक एकमेकांशी जुळलेत. डावी-उजवीकडे वाकत गेलं तर मागची बॅग बाजूला सरकवून पुन्हा बघा. बहुधा तेवढ्यानेच सरळ होतं. परत येताना वेगळ्या जागी थांबलं तर पुढची बॅग फोरएंडला पकडतेय किंवा फोरएंड तिच्यात सैल आहे.

हे करण्याआधी रेस्टच्या वरच्या भागावर पाणसळ ठेवून तो आडवा सपाट करून घ्या. क्रॉसहेअर उभं आहे की नाही ते 50 मीटरवर ओळंबा टांगून त्याच्या दोरीशी जुळवा. गवंड्याचा ओळंबा यासाठी स्कोपवर लावायच्या कुठल्याही बुडबुड्याइतकाच खरा.

फोरएंडचा आकारही बघा. शिकारी पद्धतीच्या स्टॉकचा तळ गोल असतो. तो बॅगेत डोलतो आणि रायफल जराशी कलंडते. बेंचरेस्टचे स्टॉक पुढे सपाट आणि 3 इंच म्हणजे 76 मिमी रुंद असतात ते यासाठीच. बहुतेक देशी पीसीपीचा फोरएंड याहून खूप अरुंद असतो. 3 इंची बॅगेत तो ठेवला तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते, आणि मग लोक म्हणतात रेस्ट खराब आहे. यावर दोन उपाय: फोरएंडच्या मापाची अरुंद बॅग, किंवा फोरएंडला खालून स्क्रूने बसणारी सपाट पट्टी. पट्टी सागाची किंवा अॅल्युमिनियमची चालते. ती नळीला लागता कामा नये, आणि पीसीपीच्या हवेच्या सिलिंडरलाही. पट्ट्याची कडी फोरएंडला असेल तर ती आधी काढा. रायफल मागे जाताना ती बॅगेत अडकते.

फोरएंड दर गोळीला त्याच जागी टेकला पाहिजे. रेस्टला पुढे थांबा असेल तर रायफल त्याला हलकी लावून मग नेम धरा. थांबा नसेल तर फोरएंडच्या बाजूला पेन्सिलीची खूण करा आणि ती बॅगेच्या कडेशी जुळवत जा.

रेस्ट न सुधारता सुटणाऱ्या गोष्टी

मार्चनंतर सकाळी दहाच्या पुढे काळ्या रानावरून उठणारी झळ स्कोपमधून लक्ष्य नाचवते. तुम्ही ज्या ठिपक्यावर नेम धरता तो तिथे नसतोच. तेव्हा पसरलेल्या ग्रुपवरून रेस्टबद्दल काही ठरवू नका. पीसीपीच्या सिलिंडरमधला दाब उतरत गेला आणि रेग्युलेटर (दाब सारखा ठेवणारा भाग) नीट काम करत नसेल तर वेग बदलतो, गोळ्या उभ्या रेषेत पसरतात, आणि ते बॅगेच्या दोषासारखंच दिसतं. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर आधी वेग मोजून बघा. स्कोपचा पॅरॅलॅक्स लक्ष्याच्या अंतराला लावलेला नसेल तर डोळा जरा हलला की क्रॉसहेअर हलल्यासारखं दिसतं. रायफल न हलवता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे करून बघा, एका मिनिटात कळतं.

आता रेस्ट निवडा

इथपर्यंत सगळं तपासून झालं आणि तरी गोळी बाहेर जात असेल, किंवा नेम लावायला फार वेळ जात असेल, तर रेस्टवर खर्च करा.

बायपॉड (रायफलला जोडायचा दोन पायांचा आधार) मी बेंचरेस्टसाठी कधीच सुचवत नाही. त्याचे पाय फरशीवर उडतात आणि रायफल सरळ मागे सरकत नाही. नुसत्या वाळूच्या बॅगेवर, म्हणजे रेस्ट न वापरता, बऱ्यापैकी ग्रुप येतात. पण उंची बदलण्यासाठी बॅग थापटत बसावं लागतं.

वर्ल्ड रिमफायर अँड एअर रायफल बेंचरेस्ट फेडरेशनच्या कार्डावर 25 लक्ष्यं असतात, प्रत्येकावर मोजणीची एकच गोळी, पूर्ण गुण 250. म्हणजे दर गोळीला नवा नेम, डावीकडून उजवीकडे आणि एक ओळ संपली की खाली. थापटण्यात वेळही जातो आणि एकाग्रताही.

म्हणून बहुतेकांसाठी योग्य गोष्ट म्हणजे तीन पायांचा, बिडाचा किंवा पोलादी, जड खांबाचा रेस्ट, ज्याला उंचीचा स्क्रू आणि वर डावी-उजवीकडे सरकणारा भाग आहे. कॅल्डवेलचा रॉक हा याच घराण्यातला साधा प्रकार. घेताना तीन गोष्टी हाताने तपासा. वरचा भाग पकडून डावी-उजवीकडे हलवा. टक् असा आवाज किंवा ढील जाणवली तर नको. उंचीचा लॉक आवळताना नेम सरकतो का बघा. बऱ्याच स्वस्त रेस्टमध्ये लॉक आवळला की खांब एका बाजूला ओढला जातो. आणि उंचीचं चाक किती मोठं आहे ते बघा. 1.5 मिमी आट्यांचा स्क्रू आणि 10 सेंमी व्यासाचं चाक असेल, तर चाकाची कड 1 मिमी फिरवल्यावर 50 मीटरवर नेम सुमारे 0.34 मिमी हलतो. त्याच स्क्रूला 3 सेंमीची घुंडी असेल तर 1.1 मिमी. मोठ्या चाकाने नेम बसवता येतो, छोट्या घुंडीने तो ठिपक्याच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे जात राहतो.

जॉयस्टिकचा रेस्ट, म्हणजे एका दांड्याने उभी आणि आडवी हालचाल एकत्र करणारा, 25 लक्ष्यांच्या कार्डासाठी फार सोयीचा. इंडोनेशियात बनणारा सेब निओ आणि अमेरिकन फार्ली ही त्यातली नावाजलेली नावं. पण त्याला घर्षण नीट जमवावं लागतं. सैल ठेवला तर दांडा सोडल्यावर वरचा भाग रायफलच्या वजनाने हळूच खाली बसतो, आणि तो बसतो तुम्ही ट्रिगर दाबत असतानाच. आवळून ठेवला तर नेम झटक्याझटक्याने सरकतो. तुमची रायफल स्कोपसह ठेवून दांडा सोडा आणि अर्धा मिनिट स्कोपमधून बघत राहा. क्रॉसहेअर ठिपक्यावरच राहिलं पाहिजे. हातात पैसे असतील आणि टेबल पक्कं असेल तर जॉयस्टिक घ्या. डगमगत्या टेबलावर त्याचा काही उपयोग नाही.

पुढचा आणि मागचा आधार एकाच फ्रेममध्ये जोडलेले एकसंध रेस्टही असतात. ते सगळ्या वर्गांत चालत नाहीत. स्पर्धेत उतरायचं असेल तर आपल्या वर्गाची नियमावली आणून फोरएंडची कमाल रुंदी, रायफलचं वजन आणि रेस्टचे नियम वाचा, मगच पैसे द्या.

लेथवर करून घ्यायचा असेल तर

मराठवाड्याला याचा फायदा आहे. संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाण्यात गाड्यांचे सुटे भाग करणारे इतके कुशल लोक आहेत की खांबाचा रेस्ट त्यांना अवघड नाही. फक्त काय हवंय ते नेमकं सांगा.

पायांची त्रिज्या मोठी ठेवायला सांगा. दोन पाय मागे नेमबाजाकडे आणि एक पुढे लक्ष्याकडे. पायांचे स्क्रू एम10, 1 मिमी आट्यांचे, प्रत्येकाला वरून आवळायचं चेकनट. उंचीचा स्क्रू एम16, पण 1.5 मिमीच्या बारीक आट्यांचा. 2 मिमीचा नेहमीचा एम16 एका फेऱ्यात 50 मीटरवर 143 मिमी उडी मारतो, बारीक आट्यांचा 107. खांब भोकात हलणार नाही असा फिट हवा, आणि तो फिरू नये म्हणून उभी खाच आणि तिच्यात चावी. लॉक एका बाजूने टोचणाऱ्या स्क्रूचा नको, खांबाभोवती आवळणाऱ्या, एका बाजूला चीर दिलेल्या कड्याचा करा, म्हणजे आवळताना नेम हलत नाही. डावी-उजवीकडे सरकणाऱ्या भागात ढील काढायची पितळी पट्टी आणि ती दाबणारे दोन स्क्रू नक्की ठेवा. झीज झाली की तिथूनच भरून काढता येते. बॅगेचे कान दोन्ही बाजूंनी दाबणारे जबडे फोरएंडच्या मापाला कमी-जास्त करता आले पाहिजेत. मापं सांगण्यापेक्षा रायफलच सोबत न्यायची कल्पना मनातून काढून टाका; फोरएंडच्या आकाराचा लाकडी ठोकळा करून न्या, कारखान्याच्या दारात बंदूक नेऊन कुणालाच अडचणीत टाकू नका. आणि रंग फक्त पायांना मारायला सांगा. खांबाला आणि सरकत्या भागांना रंग लागला तर पहिल्याच दिवशी ते जाम होतील. तिथे पातळ तेलाचा हात पुरे, आणि धुळीच्या दिवसांत तेही पुसून कोरडं ठेवा.